मौल्यवान कॉमिक्स बँकेच्या लॉकरमध्ये ठेवताना : ठाणे-नवी मुंबईतील नव्या संग्राहकांसाठी

वडिलांनी जपलेला इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत होता. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा तो माझ्या हाती आला. भाड्याच्या घरात तो सुरक्षित राहील याची खात्री नव्हती, म्हणून मी बँकेत लॉकर घेतला आणि ऐन जुलै महिन्यात, किराणा दुकानाच्या प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून, वर चार डांबराच्या गोळ्या टाकून सगळे अंक आत ठेवले. जानेवारीत लॉकर उघडला तेव्हा अकरा अंकांच्या पिनांना गंज चढला होता, त्याचे तपकिरी डाग मधल्या पानांवर उतरले होते आणि डांबराचा वास कागदात असा मुरला होता की तो आजही पूर्ण गेलेला नाही. मला भीती होती चोरीची, पण नुकसान केले ते मीच पिशवीत कोंडलेल्या पावसाळी हवेने. त्यानंतरच्या काही वर्षांत मी जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहे. लॉकरसाठी अर्ज कोणत्याही महिन्यात करता येतो, पण अंक बांधून आत ठेवण्याचे काम शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीतच करावे, हे लक्षात ठेवून पुढील पायऱ्या वाचाव्यात.

१. लॉकरमध्ये काय ठेवायचे ते आधी ठरवा

संपूर्ण संग्रह लॉकरमध्ये ठेवण्याचा विचार करू नका. तेवढी जागा मिळत नाही, आणि जे अंक आपण वारंवार चाळतो ते घरी असणेच योग्य आहे. लॉकर हवा तो गेला तर पुन्हा मिळणार नाही अशा अंकांसाठी. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये बंद पडले. त्यातील वेताळ आणि मॅन्ड्रेकचे सुरुवातीचे अंक किंवा आबिद सुरती यांच्या १९७६ मध्ये आलेल्या बहादूरच्या पहिल्या कथा चांगल्या स्थितीत असतील, आणि त्यातही मराठी आवृत्तीच्या असतील, तर त्यांना पहिली जागा द्यावी.

अमर चित्र कथेच्या बाबतीत मात्र सावध राहा. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेतील अनेक अंक पुढे कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा छापले गेले, त्यामुळे जुना दिसणारा प्रत्येक अंक पहिल्या छपाईचा असतोच असे नाही. अंकावर छापलेली किंमत, प्रकाशकाचा पत्ता आणि इतर अंकांच्या जाहिरातीतली यादी पाहिली की छपाईचा काळ बराचसा उलगडतो. यादीत त्या अंकानंतर बऱ्याच काळाने निघालेली नावे असतील, तर तुमच्या हातात पुनर्मुद्रण आहे.

परदेशातून आणलेले अमेरिकी अंक असतील तर आतील पानेही तपासा. १९७४ ते १९७६ या काळातील मार्व्हलच्या अनेक अंकांत कापून चिकटवण्यासाठी एक चित्रतिकीट छापलेले असे. वुल्व्हरिनचा पहिला पूर्ण प्रवेश असलेला १९७४ चा ‘हल्क’चा १८१ वा अंक प्रसिद्ध आहे, पण त्यातील तिकीट कोणा मुलाने कापून घेतलेले असेल तर त्याचे मोल एकदम खाली येते. असा अंक लॉकरमध्ये ठेवायचा की नाही हे ती पाने पाहिल्यावरच ठरवा.

२. लॉकरचे माप कागदाच्या मापाशी ताडून पाहा

बहुतेक नवखे संग्राहक इथेच फसतात. बँकेत ‘लहान, मध्यम, मोठा’ असे सांगितले जाते, पण ही वर्गवारी दागिन्यांचे डबे डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. अनेक शाखांतील सर्वांत लहान लॉकर साधारण १२.५ सेंमी उंच, १७.५ सेंमी रुंद आणि ४९ सेंमी खोल असतो. नेहमीच्या अमेरिकी कॉमिकची रुंदी १६.८ सेंमी आणि उंची २६ सेंमी भरते. नुसता अंक त्यात जाईल, पण त्याच्या मागे पुठ्ठा आणि वर पिशवी आली की कडा घासतात आणि कोपरे दुमडतात. बऱ्याच लॉकरांत पत्र्याचा एक सरकता डबाही असतो, त्यामुळे वापरता येणारी जागा आणखी आक्रसते.

म्हणून शाखेत जाताना तुमच्या सर्वांत मोठ्या अंकाच्या मापाचा, पिशवीसह, पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून न्या आणि रिकामा लॉकर दाखवला जाईल तेव्हा तो तुकडा आतल्या डब्यात सपाट बसतो का ते पाहा. त्याच उंचीचा पण दुप्पट, म्हणजे सुमारे ३५ सेंमी रुंदीचा लॉकर मिळाला तर अंक आडवे ठेवून एकामागे एक दोन गठ्ठे आरामात बसतात. पिशवी आणि पुठ्ठ्यासह एक पातळ अंक साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा होतो. वर मोकळी जागा सोडली तरी एका गठ्ठ्यात तीस-पस्तीस अंक मावतात, म्हणजे अशा लॉकरमध्ये साठच्या आसपास.

ज्यांच्याकडे अमेरिकेतील सीजीसी या संस्थेने श्रेणी देऊन कठीण प्लास्टिकच्या कवचात बंद केलेले अंक आहेत, त्यांनी कवचाचे माप धरावे. ते सुमारे ८ इंच रुंद आणि १३ इंच लांब असते आणि लहान लॉकरच्या दारातून आतच जात नाही.

३. शाखा निवडताना पाणी कुठे साचते ते पाहा

घराजवळची शाखा सोयीची खरी, पण आपल्या भागात त्याआधी जमिनीची उंची विचारात घ्यावी लागते. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात मोठ्या पावसात पाणी भरते हे प्रत्येक ठाणेकराला ठाऊक आहे. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीत भराव टाकून उभारलेला असून भरतीच्या वेळी पावसाचे पाणी सामावून घेण्यासाठी तेथे धारण तलाव बांधावे लागले आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कागदपत्रांचे काय झाले हे विसरता येण्याजोगे नाही.

या मुद्द्यावर एवढा भर देण्याचे कारण नियमांत आहे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पूर, भूकंप, वीज कोसळणे अशा नैसर्गिक आपत्तींमुळे झालेल्या नुकसानीला मात्र बँक जबाबदार नसते, आणि ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीलाही नसते. पाण्याने भिजलेला अंक हा म्हणूनच पूर्णपणे तुमचा तोटा आहे.

तळघरातील लॉकर घेऊ नका. तळमजल्यावरचा घ्यावाच लागला तर खालच्या दोन रांगा सोडून वरचा मागा. लॉकरच्या खोलीतील भिंतींना पोपडे आलेले आहेत का, छताच्या कोपऱ्यात ओलीचा डाग आहे का, हे निरखून पाहा. वातानुकूलन किती वेळ चालू असते तेही विचारा. अनेक ठिकाणी ते बँकेच्या वेळेपुरतेच चालते, त्यामुळे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी खोलीतील दमटपणा पुन्हा वाढतो.

४. अर्ज, कागदपत्रे आणि करार

मोक्याच्या शाखांत लॉकर लगेच मिळत नाही. अर्ज दिल्यावर त्याची पोच आणि लॉकर शिल्लक नसेल तर प्रतीक्षायादीतील क्रमांक देणे बँकेवर बंधनकारक आहे. तो क्रमांक मागून घ्या, तोंडी आश्वासनावर विसंबू नका. हे नियम सहकारी बँकांनाही लागू आहेत. खासगी कंपन्यांच्या तिजोऱ्या मात्र रिझर्व्ह बँकेच्या या नियमांखाली येत नाहीत, त्यामुळे तेथे भाडे कमी दिसले तरी मी त्या वाटेला गेलो नाही.

सोबत न्यायची कागदपत्रे अशी :

- पॅन कार्ड आणि आधार कार्ड, मूळ प्रती व झेरॉक्स
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार
- पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, संयुक्त लॉकर असेल तर दोघांचीही
- नामनिर्देशनाचा अर्ज
- करारासाठी स्टॅम्प पेपर. तो किती रुपयांचा हवा ते शाखेत आधी विचारावे

लॉकर देताना तीन वर्षांचे भाडे आणि गरज पडल्यास लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढी मुदत ठेव बँक मागू शकते. त्याहून कितीतरी मोठी ठेव किंवा एखादी विमा पॉलिसी घेतल्याशिवाय लॉकर मिळणार नाही असे सांगितले गेले तर ते लेखी मागा. माझ्या अनुभवात लेखी मागितल्याबरोबर ती अट मागे घेतली गेली. तसे झाले नाही तर प्रथम बँकेकडे तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे जाता येते. त्यांचा मदत क्रमांक १४४४८ आहे.

करार पूर्ण वाचा आणि सही झाल्यावर त्याची प्रत घ्या. त्यात सहसा दागिने व कागदपत्रे यांसारख्या वस्तू ठेवण्याची मुभा असते आणि रोकड, शस्त्रे, स्फोटके, अमली पदार्थ, नाशवंत वस्तू यांना मनाई असते. जुनी छापील पुस्तके या मनाईत येत नाहीत. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हे खर्चाच्या हिशेबात धरा.

५. घरीच पूर्ण नोंद आणि छायाचित्रे करा

तुम्ही लॉकरमध्ये काय ठेवले याची नोंद बँक ठेवत नाही. उद्या दावा करायची वेळ आली तर अंक आत होते हे तुम्हालाच दाखवावे लागेल. प्रत्येक अंकासाठी मालिकेचे नाव, क्रमांक, भाषा, वर्ष, छापील किंमत, पानांची संख्या आणि दोष लिहा. दोष लिहिताना हात आखडू नका : मुखपृष्ठावर कोणाचे नाव लिहिलेले आहे, वाचनालयाचा शिक्का आहे, मधले पान सुटले आहे, शब्दकोडे पेनाने सोडवले आहे. नेमक्या दोषांमुळेच तो अंक तुमचाच असल्याचे सिद्ध होते.

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, वरून सरळ काढा. स्कॅनरच्या काचेवर अंक उलटा दाबू नका, त्याने कण्याला, म्हणजे पिना मारलेल्या घडीच्या कडेला, चिरा जातात. लॉकरच्या खोलीत सहसा छायाचित्रे काढू देत नाहीत, म्हणून हे काम घरीच उरकावे लागते.

६. बांधणी : सर्वांत जास्त वेळ येथे द्या

जुन्या कॉमिक्सचा कागद स्वस्त लाकडी लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन हे लाकडातले द्रव्य प्रकाश आणि हवेमुळे पिवळे पडते, कागदात आम्ल तयार होते आणि पाने ठिसूळ होत जातात. उष्णता आणि दमटपणा हा वेग वाढवतात. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८०-९० टक्क्यांपर्यंत सहज जाते. शिवाय कागद हवेतील ओलावा शोषून धरून ठेवतो. जुलैत बांधलेला गठ्ठा बाहेरून कोरडा वाटला तरी त्याच्या पानापानांत पावसाळा असतो, आणि पिशवी जितकी घट्ट तितका तो आत कोंडला जातो. माझ्या अकरा अंकांचे तेच झाले होते.

लागणारे साहित्य :

- पॉलिप्रॉपिलीनच्या, किंवा अधिक चांगल्या म्हणजे पॉलिस्टरच्या (मायलर) पिशव्या
- आम्लमुक्त पुठ्ठे, अंकाच्या मापाचे
- झिपच्या जाड पॉलिथिन पिशव्या, दहा अंकांचा गठ्ठा मावेल एवढ्या
- सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक
- मऊ ब्रश आणि धुतलेला सुती कपडा

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी फाइलची पारदर्शक पाकिटे घेण्यापूर्वी त्यांच्यावरील त्रिकोणातील आकडा पाहा. ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन आहे. ३ असेल तर पीव्हीसी, ते घेऊ नका. आकडा नसेल आणि नव्या टेबलक्लॉथसारखा उग्र वास येत असेल तर तेही परत ठेवा. पीव्हीसीतील रसायने काळाने बाहेर पडतात, शाई प्लास्टिकला चिकटते आणि कागद खराब होतो.

हिवाळ्यातील कोरडा आठवडा निवडा. अंक एका खोलीत स्वच्छ चादरीवर सुटे पसरून दोन-तीन दिवस ठेवा, खोलीत एसी असेल तर तो चालू ठेवा, आणि आर्द्रतामापक ५० टक्क्यांच्या खाली स्थिर दिसेपर्यंत बांधायला घेऊ नका. अंक उन्हात वाळवण्याचा मोह आपल्याकडे फार होतो, कारण पापड-कुरडयांपासून गाद्यांपर्यंत सगळे आपण उन्हातच वाळवतो. पण छपाईचे रंग उन्हात उडतात आणि पाने आणखी पिवळी पडतात.

धूळ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेने हलकेच झटका. पानांच्या घडीत कसर किंवा तिची अंडी दिसली तर तो अंक वेगळा काढा, इतरांसोबत बांधू नका. गंजलेल्या पिना स्वतः उपटून काढू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन पानात उतरतो, आणि लॅमिनेट केलेला अंक पूर्ववत करता येत नाही.

प्रत्येक अंक पुठ्ठ्यावर ठेवून पिशवीत सरकवा. पिशवीची चिकटपट्टी अंक बाहेर काढताना मुखपृष्ठाला लागते, म्हणून घडी मागच्या बाजूला घालावी. दहा-दहा अंकांचे गठ्ठे करताना अर्ध्यांचे कणे एका बाजूला आणि अर्ध्यांचे दुसऱ्या बाजूला ठेवले तर गठ्ठा एका कडेला फुगत नाही. मग गठ्ठा झिपच्या पिशवीत घालून सिलिका जेलची एक पुडी अंकाला न टेकेल अशी कडेला ठेवा. रंग बदलणारे सिलिका जेल घ्यायचे असेल तर नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असते, ते घरात हाताळणे बरे नाही. डांबराच्या गोळ्या, कापूर, वाळा, कडुनिंबाची पाने, यांपैकी काहीही आत घालू नका. घरातील वडीलधारी मंडळी मायेने सुचवतील, पण कागदाला त्यातील वास आणि तेल दोन्ही लागतात.

७. बँकेत नेणे आणि आत रचणे

निरभ्र दिवस पाहून, कडक तळाच्या पिशवीत अंक आडवे ठेवून रिक्षाने किंवा गाडीने न्या. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये किंवा दुचाकीच्या हुकाला अडकवून नेऊ नका. लॉकरच्या तळाशी आणि बाजूंना पुठ्ठा लावा, म्हणजे गठ्ठा थेट पोलादाला टेकणार नाही. तापमान बदलले की धातूवर दव धरू शकते. अंकांवर दागिन्यांचे डबे ठेवू नका.

बाहेर पडण्यापूर्वी लॉकर बंद झाल्याची स्वतः खात्री करा. लॉकर उघडल्याची सूचना बँकेने त्याच दिवशी एसएमएस आणि ईमेलने पाठवायची असते. ती आली नाही तर तुमचा मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे का ते विचारा.

८. विमा

लॉकरचे वार्षिक भाडे ३,००० रुपये असेल तर बँकेची जबाबदारी जास्तीत जास्त ३ लाख रुपये. संग्रहाचे मोल त्याहून अधिक असेल तर उरलेल्याचा विचार तुम्हालाच करावा लागतो. लॉकरमधील वस्तूंसाठी काही सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या पॉलिसी मिळतात, पण त्यांची भाषा बहुधा दागिन्यांपुरती असते. ‘संग्राह्य पुस्तके व कॉमिक्स समाविष्ट आहेत’ हे पॉलिसीत छापील स्वरूपात नसेल तर हप्ता भरू नका. पुराचा समावेश आहे का, हेही त्याच वेळी विचारा.

९. पुढची वर्षे आणि वारस

वर्षातून दोन भेटी पुरेत : एक पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस आणि दुसरी जानेवारीत. अनेक बँका वर्षाला ठराविक भेटीच मोफत देतात. ऑक्टोबरच्या भेटीत झिपच्या पिशव्या न उघडता बाहेरूनच सिलिकाचा रंग आणि पिनांचा भाग पाहा. रंग उतरला असेल तर जानेवारीत नव्या पुड्या घेऊन जा. सलग तीन वर्षे भाडे थकले तर बँक लॉकर उघडू शकते. सात वर्षे लॉकर उघडलाच गेला नाही आणि तुमचा ठावठिकाणा लागला नाही, तर भाडे भरलेले असूनही उघडू शकते. त्यामुळे घर बदलल्यावर पत्ता आणि मोबाइल क्रमांक शाखेत बदलून घ्या.

नामनिर्देशन पुढे ढकलू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात. ती एकामागून एक लागू होतात, म्हणजे पहिली व्यक्ती हयात नसेल तरच दुसरीचा हक्क सुरू होतो. ग्राहकाच्या मृत्यूनंतर आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत बँकेने दावा निकाली काढायचा असतो.

मात्र लॉकर उघडणाऱ्या माणसाला आत काय आहे ते कळले नाही तर ही सारी व्यवस्था अपुरी पडते. माझ्या ओळखीतल्या एका घरात मुलांनी वडिलांचे चांगले जपलेले अंक ‘जुनी मासिके’ समजून रद्दीत दिले, कारण त्या अंकांचे मोल त्यांना कोणीच सांगितलेले नव्हते. म्हणून माझ्या लॉकरमध्ये सर्वांत वर एक पाकीट आहे. त्यात अंकांची पूर्ण यादी, प्रत्येक अंक मी कोठून मिळवला त्याची नोंद, विकायची वेळ आली तर ज्यांना आधी विचारावे अशा दोन संग्राहक मित्रांचे क्रमांक, आणि कोरड्या हातांनी, पंखा बंद करून, पिशव्या एकेक करून उघडाव्यात ही विनंती आहे. त्याची दुसरी प्रत घरच्या कपाटात, मुलीच्या शाळेच्या दाखल्यांच्या फाइलमध्ये आहे.